गेज आणि गॉज

कांता नाईकधुरे हिने आयुष्यात बापाला एकदाच शहाणपण शिकवलं, आणि ते एकदाचंच तिला जन्मभर पुरलं.

लालबागच्या ज्या चाळीत ती वाढली तिथे घरटी एक माणूस गिरणीत होता. तिचे वडील शामराव कार्डिंग खात्यात फिटर होते. कार्डिंग म्हणजे कापूस पिंजायचं खातं. एक मोठा दातेरी ढोल फिरतो, त्याच्या डोक्यावरून दातेरी पट्ट्या सरकतात आणि दोघांच्या मधल्या फटीत कापसाचा तंतू न् तंतू सुटा होतो. सगळा खेळ त्या फटीचा. जास्त झाली तर कापसात गुठळ्या राहतात आणि पुढे सूत तुटतं. कमी झाली तर दाताला दात लागून ठिणगी उडते, आणि कापसाच्या खात्यात ठिणगी उडाली तर काय होतं ते कुणी सांगायला नको. ही फट इंचाच्या हजाराव्या भागात लावायची असते, आणि ती शामराव लावत.

त्यासाठी त्यांच्याकडे पोलादाच्या चार पातळ पात्या होत्या, एका टोकाला खिळ्याने जोडलेल्या. पाच, सात, दहा आणि बारा नंबरच्या. त्याला ते गेज म्हणत. कांता लहान असताना ते तिला समजावत, "पाती आत सारूची. अडाकली तर फट कमी. सुळकन गेली तर जास्त. जराशी कोणी पलीकडून धरल्यासारखी लागली काय समजायचा, बसला." खात्यावर देखरेखीला नवा मास्तर आला की तो आधी शामरावांनी लावलेल्या मशीनवर पाती घालून बघायचा आणि मग पुन्हा कधी बघायचा नाही. अठरा वर्षांचे असताना शामराव मालवणाकडून आले आणि त्याच खात्यात चिकटले. अठ्ठावीस वर्षं.

कांता मॅट्रिक झाली त्याच्या पुढच्या जानेवारीत संप सुरू झाला. पहिले काही महिने चाळीत सुट्टीसारखं वातावरण होतं. गेटावर जायचं, सभेला जायचं, संध्याकाळी गॅलरीत बसून पुढाऱ्यांची भाषणं एकमेकांना पुन्हा ऐकवायची. मग बिऱ्हाडं गावी जाऊ लागली. शेजारच्या दोन खोल्यांना कुलपं लागली. कमलाबाई, कांताची आई, फोर्टातल्या ऑफिसांना डबे करून देऊ लागल्या. गावी जायचा विषय निघाला तेव्हा शामराव एवढंच म्हणाले, "चेडवाचो क्लास असा." कांता दादरला टायपिंग आणि शॉर्टहँडच्या क्लासला जात होती. तो क्लास काही झालं तरी बंद पडू द्यायचा नाही, हे त्या घरातलं न बोललेलं ठरलेलं होतं.

क्लासमध्ये तिला मालन नावाची मैत्रीण मिळाली. मालनचे वडील बँकेत हेडक्लार्क. तिच्या घरी इंग्रजी पेपर यायचा आणि सगळे एकमेकांशी हळू आवाजात बोलायचे. तिथून परत आलं की कांताला आपलं घर वेगळंच दिसायचं. आईचा चढा आवाज खुपायचा. वडिलांचं "खंय गेल्लंस?" ऐकू आलं की ती आधी गॅलरीत कुणी आहे का ते बघायची. यात काही वाईट आहे असं तेव्हा तिला वाटलं नाही. आपण सुधारतोय, एवढंच तिला वाटत होतं.

त्र्याऐंशीच्या गणपतीनंतर गिरणी अर्धीमुर्धी चालू झाली. घ्यायच्या कामगारांची यादी गेटावर लागली, तीत शामरावांचं नाव नव्हतं. ते दोनदा जाऊन यादी वाचून आले. दुसऱ्यांदा जाण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण ते गेले.

दिवाळीच्या आधी समोरच्या खोलीतल्या जगनने बातमी आणली. जगन त्याच गिरणीत बदली विणकर होता आणि आता भाजी विकत होता. रे रोडला एका गाळ्यात जुन्या कार्डिंग मशीन दुरुस्त करून बाहेरगावच्या गिरण्यांना देतात, त्यांना सेटिंग करणारा माणूस हवाय. "शामरावांसारखो माणूस त्यांका दिवो घेऊन शोधून गावूचो नाय," जगन म्हणाला. "फक्त थयसर इंजिनियर नवीन असा. परप्रांतातलो. इंग्लिश फाडता म्हणतत."

इंग्लिश म्हटल्यावर कांता पुढे सरसावली. तिने क्लासच्या मशीनवर अर्ज टाइप करून आणला आणि रविवारी दुपारी वडिलांना समोर बसवून तयारी सुरू केली. त्या दिवशी मालन पहिल्यांदाच घरी आली होती. ती खाटेवर बसली होती, हातात चहाची बशी. जगन दारात उकिडवा. कमलाबाई स्टोव्हपाशी.

"आय वर्क्ड इन कार्डिंग डिपार्टमेंट," कांताने म्हणून दाखवलं.

शामरावांनी ते म्हटलं. बरं म्हटलं.

"आता ते विचारतील, काम काय करायचात?"

"गेज सेटिंग," शामराव म्हणाले. हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

कांताने अर्जात तो शब्द लिहिताना स्पेलिंग जगनकडून, गिरणीच्या एका जुन्या कागदावरून उतरवून घेतलं होतं. जी, ए, यू, जी, ई. तेव्हाच तिला खटकलं होतं. आता मालनसमोर तिने पर्समधून छोटा शब्दकोश काढला, पान उलटलं आणि म्हणाली, "बाबा, गेज नाही. गॉज."

"काय?"

"गॉज. ए-यू म्हणजे ऑ. ऑगस्ट कसा म्हणता? ऑटो? तसं गॉज. हे बघा, अर्थ दिलाय. माप, मापण्याचं साधन. शब्द बरोबर आहे तुमचा, म्हणायचं गॉज."

"आमच्या खात्यात सगळी गेजच म्हणत," शामराव म्हणाले. "मास्तर पण."

"सगळे चुकीचं म्हणत असतील. एकाने म्हटलं की दुसरा म्हणतो. गिरणीत कोण डिक्शनरी बघतंय?" आणि ती मालनकडे बघून हसली. "आमच्याकडे असंच. फॉल्ट म्हणजे फाल्टी आणि बॉबिन म्हणजे बाबीन."

मालनने बशीतून मान वर करून म्हटलं, "गॉजच असणार, बहुतेक." जगन खो खो हसला. "अठ्ठावीस वर्सां फुकट गेली, शामराव." शामरावही हसले. हसता हसता त्यांनी मान खाली घातली आणि बोटांनी चटईची एक सुटी काडी जागेवर बसवू लागले. कांताने ते पाहिलं. तिला वाटलं, शिकताना माणसं लाजतातच.

तिने त्यांच्याकडून तो शब्द दहा-बारा वेळा म्हणवून घेतला. गॉज. गॉज सेटिंग. एकदा त्यांच्या तोंडून गेज निघून गेलं तर तिने जीभ चावून दाखवली, लहान मुलांना दाखवतात तशी.

बुधवारी शामराव आणि जगन रे रोडला गेले. दुपारी शामराव एकटेच परत आले, सदरा काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "जागा भरली." कमलाबाईंनी कपाळाला हात लावला. कांता क्लासला निघाली होती. तिने दारातच विचारलं, "इंग्लिशमध्ये विचारलं का?" ते म्हणाले, "होय. सांगलंय मी सगळा." ती निघून गेली.

पंधरा दिवसांनी ते रे रोडलाच एका लाकडाच्या वखारीत लागले. फळ्या उतरवायच्या, थप्प्या लावायच्या. संध्याकाळी घरी आले की कमलाबाई त्यांचा हात मांडीवर घेऊन सुईने कुसळं काढत. पहिल्या वर्षी खूप निघायची. नंतर हात जाड झाले, मग कमी रुतू लागली.

शहाऐंशी साली कांताला गिरगावात एका कंत्राटदाराच्या ऑफिसात स्टेनोची नोकरी लागली. हेडक्लार्क होते चिंतामणी देवस्थळी, रिटायरमेंटला आलेले, शिस्तीचे पण पोरींना सांभाळून घेणारे. ते सांगत आणि ती शॉर्टहँडमध्ये उतरवून घेई. एका शनिवारी त्यांनी रेल्वेच्या एका कामाचं पत्र सांगितलं. मीटरगेजची ब्रॉडगेज करायची होती, त्याच्या टेंडरबद्दल. शॉर्टहँडमध्ये कान ऐकतो ते लिहायचं, स्पेलिंगचा विचार टाइप करताना. ब्रॉडगेज हा शब्द तिने जन्मात शंभरदा ऐकला होता. आजोळची माणसं गावाकडे रेल्वे कधी येणार म्हणून बोलायची तेव्हाही ऐकला होता. लिहिलेला मात्र कधी पाहिला नव्हता. तिने अंदाजाने टाइप केलं, जी, ए, जी, ई.

देवस्थळींनी पत्र वाचलं, पेन काढलं आणि ए आणि जीच्या मध्ये खालून एक छोटी खूण करून वर यू लिहिला. असं त्यांनी पत्रात चार ठिकाणी केलं.

"यू राहिला," ते म्हणाले. "लिहायचा, पण बोलायचा नाही. पुष्कळांचं चुकतं, वाईट वाटून घेऊ नकोस."

कांता त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "सर, हा शब्द रेल्वेचाच का?"

देवस्थळींना असले प्रश्न आवडत. त्यांनी चष्मा काढला. "छे. रुळांमधलं अंतर ते गेज. तारेची जाडी ते गेज. बॉयलरवर वाफेचा दाब दाखवणारं घड्याळ असतं ते प्रेशर गेज. किती पाऊस पडला ते मोजायचं असतं ते रेन गेज. आणि क्रियापद म्हणूनही येतं. समोरचा माणूस किती पाण्यात आहे ते ओळखायचं, तेसुद्धा गेज करणंच."

"आणि गिरणीत? दोन भागांमधली फट मोजायच्या पात्या असतात..."

"तेही गेजच की."

"गॉज नाही म्हणत कुणी?"

"गॉज?" ते हसले. "गॉज म्हणजे जखमेवर बांधायचं ते जाळीदार कापड. त्याच्यात झेड असतो. हॉस्पिटलात."

तिने पत्र पुन्हा टाइप केलं. घरी आल्यावर तिने तो जुना शब्दकोश काढला. तो शब्द होता तिथेच होता. उच्चार त्यात दिलेलाच नव्हता, फक्त अर्थ. पहिली ओळ, माप. दुसरी ओळ, मापण्याचं साधन. तिसरी ओळ, रुळांमधील अंतर. त्या रविवारी ती दुसऱ्या ओळीपाशी थांबली होती. मालन बघत होती आणि तिला बोलायची घाई झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात जगनच्या भाजीच्या पाटीपाशी गेली. "जगनकाका, रे रोडला त्या दिवशी काय झालं होतं?"

जगन पाणी शिंपडायचा थांबला. "त्यांनी तुका सांगल्यानी नाय?"

"जागा भरली म्हणाले."

"जागा खंय भरलेली?" जगनने इकडेतिकडे पाहिलं. गिऱ्हाईक नव्हतं. तो हळूहळू सांगू लागला. संपानंतर त्या गाळ्यात रोज माणसं यायची. झाडू मारणारेही फिटर म्हणून सांगायचे, त्यामुळे तो इंजिनियर वैतागलेला होता. त्याने शामरावांना विचारलं, सेटिंग कशाने करतोस? शामराव म्हणाले, गॉजने. त्याने पुन्हा विचारलं. शामराव पुन्हा म्हणाले, गॉजने.

"तो म्हणालो, गॉज तो हॉस्पिटल में मिलता है, मशीन को पट्टी बांधेगा क्या? सगळे हसले. मी मागसून शामरावांका म्हटलंय, अरे गेज म्हण, गेज. तर ते माझ्यावरच चिडले."

"काय म्हणाले?"

जगनने मेथीची जुडी उचलून पुन्हा खाली ठेवली. "म्हणाले, साहेब, खरा उच्चार तोच आहे. माझी मुलगी इंग्लिश शिकलेली आहे. मग काय, तो म्हणालो, तर मुलीलाच पाठव, आम्हाला शिकवेल. मशीनीक हात लावूक दिल्यानी नाय."

कांताने काहीच विकत न घेता पिशवी घडी केली. जगनने मागून हाक मारली, ती थांबली नाही. परळच्या नाक्यापर्यंत ती चालत गेली आणि तिथून परत आली. हसणारी माणसं तिला दिसत नव्हती. दिसत होते ते वडील, ताठ उभे राहून साहेबाला तिचं शिक्षण सांगणारे.

वडिलांशी बोलायला तिला आठ दिवस लागले. एका संध्याकाळी ते गॅलरीत पाय पसरून बसले होते, आई डब्यांचा हिशेब द्यायला खाली गेली होती. कांता शेजारी बसली. "बाबा, गेजच आहे ते. गॉज नाही. मी चुकीचं सांगितलं."

"ठावक असा माका," शामराव म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. येताना दवाखान्याच्या बाहेर बोर्ड होतो, कापूस, गॉज, बँडेज. वाचलंय मी."

"मग मला का नाही बोललात? माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे नाय." ते आपल्या तळहातांकडे बघत होते. "तू लहान होतंस. पुस्तकात बघून सांगलंस. पण मी गो? अठ्ठावीस वर्सां तो शब्द माझ्या हातात होतो. मास्तरांका मी शिकवलंय. आणि एका दुपारात सोडून दिलंय. का, तर पोरीची मैत्रीण बसली होती. लाज वाटता ती माका त्याची. म्हणून बोलूक नाय."

कांताला वाटलं होतं, ते रागावतील किंवा जाऊ दे म्हणतील. दोन्हीची तयारी करून ती आली होती.

"आयेक सांगू नको," ते म्हणाले. "ती उगीच तुका बोलत ऱ्हवतली."

पुढच्या सोमवारी कांताने अर्धी रजा टाकली आणि एकटी रे रोडला गेली. गाळा शोधून काढला. तो इंजिनियर अजून तिथेच होता, तिच्यापेक्षा सातआठ वर्षांनीच मोठा असेल. टेबलापुढे उभं राहून तिने हिंदी-इंग्रजीत सगळं सांगितलं. चूक वडिलांची नव्हती, माझी होती, त्यांनी अठ्ठावीस वर्षं सेटिंग केलंय. तिला वाटत होतं की तो ओशाळेल. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, मला आठवत नाही. त्या वर्षी दोन-अडीचशे माणसं येऊन गेली असतील.

तिच्या घरात जे अडीच-तीन वर्षं कुणी बोललं नव्हतं, ते त्याच्या लक्षातही नव्हतं. तो म्हणाला, "भेजो उनको. सेटर की तो अब भी ज़रूरत है."

शामराव जायला तयार नव्हते. कांताने आग्रह केला, आणि तोही पुढे तिला खुपत राहिला. शनिवारी ती त्यांच्याबरोबर गेली. या वेळी इंजिनियरने काही विचारलं नाही. त्याने पात्या हातात दिल्या आणि मशीन दाखवली.

शामरावांनी सात नंबरची पाती सुटी केली, सदऱ्याला पुसली आणि फटीत सारली. बाहेर काढली. नट किंचित फिरवला. पुन्हा सारली. कांता दाराशी उभी होती. गिरणीत त्यांना काम करताना तिने कधी पाहिलं नव्हतं. आज पहिल्यांदा बघत होती. ते वाकले की त्यांचा चेहरा बदलत होता, कुणाचं तरी बोलणं लक्ष देऊन ऐकत असल्यासारखा. तिला वाटलं, झालं. मग त्यांनी पाती काढून दहाची घातली. पुन्हा सातची. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळली, पँटला पुसली, पुन्हा घातली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गाळ्यातली दोन माणसं येऊन उभी राहिली. कुणी हसलं नाही.

शेवटी शामरावांनी पात्या मिटल्या आणि टेबलावर ठेवल्या. "सात काय दहा, कळत नाय," ते म्हणाले. इंजिनियरला मालवणी कळलं नाही, म्हणून त्यांनीच हिंदीत सांगितलं, "साहब, हाथ में अब समझता नहीं. लकड़ी उठाके चमड़ा मोटा हो गया." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. सामान तपासून खराब निघालं तर फिटर जसं सांगतो तसं त्यांनी सांगितलं.

इंजिनियर त्या मशीनकडे गेला. त्याने स्वतः पाती घालून पाहिली. मग त्याने शामरावांना मशीन खोलून साफ करायच्या, बेअरिंग बसवायच्या कामाला ठेवून घेतलं. वखारीपेक्षा ते शंभर पटीने बरं होतं. शामराव तिथे नऊ वर्षं राहिले. सेटिंग एक नाशिककडचा मुलगा करायचा. कधी अडला तर शामरावांना विचारायचा, आणि ते तोंडाने सांगायचे, असं जगन म्हणे. कांताने स्वतः कधी विचारलं नाही.

तिचं लग्न होऊन ती नायगावला राहायला गेली. पुढे त्याच ऑफिसात हेडक्लार्क झाली. शामराव अठ्ठ्याण्णव साली गेले. त्यानंतर कमलाबाई बऱ्याचदा तिच्याकडे येऊन राहत, आणि कुणी पाहुणा आला की संपाच्या गोष्टी सांगत. जगनकडून त्यांना अर्धीच हकीकत कळली होती. "रे रोडचो तो मेलो माझ्या घोवाक हसलो," त्या सांगत. "शब्द चुकलो म्हणून कामावर घेऊक नाय. इतको शिकलेलो, पण माणसाची किंमत नाय. नंतर आपसूक बोलावल्यानी, तेव्हा बरो कळलो." पाहुणे त्या साहेबाला नावं ठेवत. कोणी विचारी, "कुठला शब्द?" तर कमलाबाई म्हणत, "इंग्लिशमधलो कसलो तरी. कांताक ठावक असतलो."

सगळे कांताकडे बघत. ती म्हणे, "आता आठवत नाही," आणि चहा टाकायला उठे.